अजून चिमूटभर

३ फेब्रुवारी

ग्रंथालयातल्या चष्मेवाल्या बाई आज घरी आल्या. दर पंधरा दिवसांनी शनिवारी वाचनकक्षात 'सोप्या घरगुती पाककृती' असा मेळावा भरवणार आहेत. प्रत्येकीने रोजच्या जेवणातला किंवा चार माणसं आली तर पटकन होणारा एक पदार्थ करून न्यायचा आणि भांड्याशेजारी त्याच्या कृतीची कार्डं ठेवायची. ज्याला आवडेल त्याने कार्ड उचलून घरी न्यायचं. बक्षीस नाही, भाषण नाही. कार्डं संपली की समजायचं, पदार्थ जमला.

मी म्हटलं, मी येणारच. त्यांनी मान डोलावली आणि लगेच विचारलं, "आणि तुमच्या धाकट्या जाऊबाई?"

म्हणजे आल्या होत्या तिच्यासाठी. चहा मात्र माझ्या हातचा प्यायल्या.

धाकटीचा हात चांगला आहे, हे मी कधी नाकारलेलं नाही. पण लोक असं बोलतात, जणू बाकीचे आम्ही आजवर गवतच शिजवत होतो. भावोजी गेल्यापासून ती एकटीच वरच्या खोलीत राहते. माझ्या मुलाचं लग्न मे महिन्यात आहे आणि ती खोली त्यालाच लागणार, हे आंधळ्यालाही दिसेल. धाकटीचा भाऊ दुसऱ्या गावी आहे, त्याचं घर मोठं आहे, तो तिला बोलावतोही. मी दोन-तीनदा नुसती आठवण करून दिली. ती म्हणते, "भावाच्या दारात नको ताई. माझं काहीतरी उभं राहू दे."

जाता जाता चष्मेवाल्या म्हणाल्या की ग्रंथालयाचं कॅन्टीन बंद पडलंय आणि मेळाव्यात जिचे पदार्थ लोकांना आवडतील तिलाच ते चालवायला द्यायचा समितीचा विचार आहे. कॅन्टीन मिळालं की ही बाई वर कायमची पाय रोवून बसणार.

५ फेब्रुवारी

दुपारी धाकटी स्वयंपाकघराचं दार लोटून माझ्यासमोर बसली आणि रडायलाच लागली. गेल्या महिन्यात ताप आला होता, त्यात तिची चव गेली. वासही गेला. "साखर आणि वाळू मला सारखीच, ताई. रोजचा स्वयंपाक सवयीने ढकलतेय. कुणाला कळलं तर संपलं सगळं."

आमच्या घरात सासूबाईंची जुनी शिस्त आहे. करणारीच्या जिभेवर भरवसा ठेवायचा नाही, दुसऱ्या माणसाने चव बघितल्याशिवाय भांडं ओट्यावरून हलायचं नाही. पण सासूबाई आता अंथरुणाला खिळलेल्या. डॉक्टरांनी त्यांना सगळं बिनमिठाचं सांगितलंय, त्यांना विचारून काय उपयोग? आणि हे तर ताटात पुठ्ठा वाढला तरी "हं" म्हणून उठतील. राहिले मी.

"तुम्ही सांगाल ना मला, कमी काय, जास्त काय?"

मी तिचा हात हातात घेऊन शब्द दिला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला लिहू, खरंच आलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

पहिला मेळावा. सासूबाईंजवळ कुणीतरी थांबायला हवं, म्हणून धाकटी घरी राहिली आणि तिचं भांडं मी नेलं. मी नेली होती उकडलेल्या अंड्यांची कोशिंबीर. तिचं टोमॅटोचं सूप. कृती अगदी साधी: कांदा-लसूण मऊ होईपर्यंत परतायचा, त्यात टोमॅटो नि एक गाजर शिजवायचं, घोटायचं, गाळायचं नाही. गाजराने आंबटपणा मरतो म्हणे.

निघण्याआधी तिने मला चमचाभर दिलं. बोलता बोलता तिने मीठ दोनदा घातलं होतं. मी "खारट" म्हणणारच होते. पण ती इतक्या आशेने माझ्या तोंडाकडे बघत होती की माझ्या तोंडून "छान" निघून गेलं. मग शब्द मागे कसा घेणार?

वाचनकक्षात लोकांनी एकेक घोट घेतला आणि कप हळूच खिडकीतल्या कुंड्यांमागे सरकवले. तिची कार्डं तशीच राहिली. माझी दोन गेली. त्यातलं एक एका आजोबांनी मागच्या बाजूला कुणाचातरी फोन नंबर लिहायला घेतलं, पण गेलं ते गेलं.

तिची उरलेली कार्डं मी पर्समध्ये टाकली आणि घरी येऊन सांगितलं, सगळी संपली. तिने मला मिठीच मारली. एका शब्दाने माणूस इतकं सुखावत असेल तर मी हात आखडता का घ्यावा? कार्डं मात्र फाडून टाकली. उगाच तिच्या नजरेला पडली असती तर वाईट वाटलं असतं.

१२ फेब्रुवारी

मुलाचा फोन. होणाऱ्या सुनेला वरच्या खोलीतली सकाळची उन्हं फार आवडली म्हणाला. "पण काकू राहतात ना तिथे?" मी म्हटलं, "काकूचं होईल सगळं व्यवस्थित. तू नको काळजी करूस."

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज मटार घातलेला भात. धाकटीने मीठ मोजून घातलं होतं, चमच्यावरून बोट फिरवून सपाट करून. मी घास खाल्ला. अगदी बरोबर होता. इतका बरोबर की मला कसंसंच झालं.

म्हटलं, "अळणी लागतोय गं. अजून चिमूटभर."

तिने घातलं, हलवलं, पुन्हा दिलं.

"अजून चिमूटभर."

तिने माझ्याकडे बघितलं. "नक्की ना, ताई?"

"आता माझ्या जिभेवरही विश्वास नाही का तुझा?"

बिचारी वरमली. घातलं.

मेळाव्यात एका निवृत्त मास्तरांनी दोन घास खाल्ले आणि पाण्याच्या पिंपाजवळच उभे राहिले. चष्मेवाल्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "तुमच्या जाऊबाईंची तब्येत बरी आहे ना?" मी उसासा टाकला. "नवरा गेल्यावर मन थाऱ्यावर राहत नाही हो. त्यांना एवढं झेपत नाही. आम्ही सांभाळून घेतो." त्यांचा चेहरा पडला. यात मी खोटं काय बोलले? मन थाऱ्यावर नसतंच.

२४ फेब्रुवारी

धाकटीच्या भावाला मीच फोन केला. सांगितलं, मे महिन्यापर्यंत तिची सोय बघून ठेवा. तो म्हणाला, "ती येते म्हणाली का?" मी म्हटलं, म्हणेल.

७ मार्च, शनिवार

भाजलेले बटाटे. आधी अर्धवट उकडायचे, झाकणाच्या भांड्यात घालून जोरात हलवायचे म्हणजे कडा फुटतात, मग तेल लावून भाजायचे. कडा कुरकुरीत, आत लोणी. शाळेतून आलेलं पोर असो की अचानक टपकलेले पाहुणे, कुणालाही चालतील. आज मी मिठाचा नाद सोडला आणि मिरपूड वाढवायला लावली. चार वेळा "अजून चिमूटभर". एक छोटी मुलगी घास घेतल्यावर भोकाड पसरून रडली आणि तिची आई माझ्याकडेच रागाने बघायला लागली. आजकालच्या मुलांना काही सोसतच नाही.

कार्डं माझ्या पर्समध्ये. घरी सांगितलं, एक बाई तर दोन घेऊन गेली.

धाकटी हसली नाही. म्हणाली, "मग चष्मेवाल्या बाई कॅन्टीनचं काही बोलल्या?"

"बोलतील गं. घाई काय आहे?"

११ मार्च

मी सासूबाईंची चादर बदलत होते. धाकटी धडाधडा जिना उतरून आली. "ताई, दूध लागतंय खाली!" मी धावले. खरंच तळाला धरायला लागलं होतं. वरून तिला कसं कळलं कोण जाणे. भांड्याचा आवाज आला असेल.

नंतर ती त्या भांड्यावर वाकून बराच वेळ उभी राहिली. मग फ्रिजमधून शनिवारच्या उरलेल्या बटाट्यांचा डबा काढला आणि एक फोड तोंडात घातली. चावतच राहिली. तोंड लाल झालं, डोळे भरून आले, तरी थुंकली नाही. बिचारीची खाण्याची सवय काही जात नाही. मी म्हटलं, "उगाच कशाला खातेस, तुला काही लागणार तर नाही."

"नाही," म्हणाली.

संध्याकाळी जेवायला उतरली नाही.

१४ मार्च

धाकटी एकदम गोड झाली आहे. माझ्या केसांना तेल लावून दिलं. म्हणाली, "नवीन तेल वाटतं, ताई?" बाटली पाहिली असेल.

२१ मार्च, शनिवार

मसुराचं घट्ट सूप. आज तिने चमच्याऐवजी वाटी भरून दिली. "चमच्याने काय कळणार, ताई? नीट खाऊन बघा."

पहिल्याच घोटाला माझे कान गरम झाले. मिठागरच होतं ते. मी आज "अजून" म्हणायची गरजच नव्हती! बाईचा हात आता पार सुटलाय. ती समोर स्टूलवर बसली होती, हाताची घडी घालून.

"कसं आहे?"

"छान."

"संपवा ना मग."

संपवली. काय करणार? अर्धी ठेवली असती तर शंका आली असती. तीन ग्लास पाणी प्यायले. तिने भांड्याला झाकण लावलं, फडक्यात बांधलं आणि माझ्या हातात दिलं.

आणि मेळाव्यात नवल घडलं. लोकांनी दुसऱ्यांदा घेतलं. मास्तरांनी तर पावाने वाटी पुसून खाल्ली. तिची सगळी कार्डं गेली, अगदी खरीखुरी गेली. या गावाला चवच नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. मी मुद्दाम त्या भांड्यातलं खाल्लं नाही. घरून एक वाटी पोटात घेऊन गेले होते, ती पुरेशी होती.

घरी आल्यावर धाकटीने विचारलं, "कार्डं?" मी म्हटलं, "नेहमीसारखीच. संपली." ती म्हणाली, "नेहमीसारखीच." आणि हसली.

२६ मार्च

धाकटी आता रोज सराव करते. रोज दुपारी माझ्यापुढे एक वाटी. कोबीचं काहीतरी, मक्याचं काहीतरी, अंड्याचं काहीतरी. सगळ्यात मीठ. मी खाते आणि "छान" म्हणते. एवढा भरवसा माझ्यावर माझ्या पोटच्या पोरानेही कधी टाकला नाही. डोकं मात्र ठणकतं. चपला पायात जाईनाशा झाल्या आहेत. मिठाची बरणी परवा भरली होती, आज पुन्हा तळ दिसतोय.

३० मार्च

डॉक्टरांकडे. रक्तदाब भलताच वाढलाय म्हणाले. "मीठ किती खाता?" मी म्हटलं, आमच्याकडे सगळं बेताचं असतं. ते म्हणाले, "मग कुणीतरी लपवून खातंय." त्यांना वाटलं मोठा विनोद केला. गोळ्या दिल्या आहेत. मीठ जवळजवळ बंद करायला सांगितलं.

धाकटीला सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गोळीची वेळ ती स्वतः लक्षात ठेवते. गोळी देते, पाणी देते, आणि मग वाटी.

"आज नको गं. डॉक्टर म्हणाले..."

"तुम्हीच म्हणता ना ताई, अळणी होतं म्हणून? मग तुम्हाला त्रास व्हायचं काय कारण? की खारट असतं?"

"छे, खारट कुठे?"

"मग घ्या."

घेतलं.

४ एप्रिल, शनिवार

पुन्हा सगळी कार्डं गेली. लोक काय खातात आणि काय उचलतात, देव जाणे.

परत आल्यावर पाहिलं, तर हे स्वयंपाकघरात उभे होते. माझ्या दुपारच्या वाटीत तळाशी उरलेलं त्यांनी बोटाने चाटलं होतं. तोंड वेडंवाकडं करून बेसिनमध्ये थुंकले.

"अगं, हे तू खाल्लंस?"

"हो."

"कसं होतं म्हणालीस तिला?"

"छान."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी बघितलं नव्हतं. मग वर धाकटीच्या खोलीत गेले आणि बऱ्याच वेळाने खाली आले. काय बोलणं झालं विचारलं तर म्हणाले, "काही नाही. माफी मागितली." कशाची, ते सांगेनात. यांचं नेहमीचंच, अर्धं बोलायचं आणि पेपर उघडायचा.

१० एप्रिल

चष्मेवाल्या बाई आल्या होत्या. कॅन्टीन धाकटीलाच. मी तोंडभर अभिनंदन केलं. म्हणजे, करावंच लागलं.

मग त्या म्हणाल्या, "आणि राहायचाही प्रश्न सुटला बघा. कॅन्टीनच्या मागे दोन खोल्या आहेत. चालवणाऱ्याने तिथेच राहायचं, हा नियमच आहे."

मी म्हटलं, "दोन खोल्या?"

"हो. आम्ही तर फेब्रुवारीतच यांना द्यायचं ठरवलं होतं. पण ते सूप, मग तो भात... समिती कचरली."

म्हणजे फेब्रुवारीतच ती गेली असती. मी नुसती तोंड मिटून बसले असते तर. नुसतं खरं बोलले असते तर. मी पदराचं टोक पिळत बसून राहिले. धाकटी माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "ताई, घाम किती आलाय तुम्हाला. गोळी घेतलीत ना?"

असो. जे झालं ते झालं. शेवटी खोली मिळणार, हे महत्त्वाचं. आता फक्त मे उजाडेपर्यंत वाटी चुकवता येत नाही. एकदम "खारट" म्हणाले तर ती विचारेल, मग इतके दिवस काय होतं?

१८ एप्रिल, शनिवार

कुठेतरी लिहिलंच पाहिजे.

शेवटचा मेळावा होता. होणारी सून आणि तिची आई यांना मी मुद्दाम बोलावलं होतं. घरातल्या बाईचं कौतुक होणार, आपल्याही घराचं नाव होईल, असा माझा साधा हेतू. आज सासूबाईंजवळ हे थांबले आणि धाकटी स्वतः आली. दोन झाकलेली भांडी घेऊन.

चष्मेवाल्या बाईंनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उभी राहिली. म्हणाली, "आमच्या घरात दुसऱ्या माणसाने चव बघितल्याशिवाय भांडं हलत नाही. इतके दिवस माझी चव आमच्या ताईंनी बघितली. आजही त्याच बघतील."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला जरा लाजल्यासारखंच झालं. तिने लहान भांड्यातून वाटी भरून माझ्या हातात दिली. टोमॅटोचं सूप.

घोट घेतला. घशात आग. आजवरच्या सगळ्या वाट्या एकीकडे आणि ही एकीकडे. पण वाचनकक्ष भरलेला, सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत, होणारी सून पहिल्या रांगेत.

"छान," मी म्हटलं. वर आणि हसून म्हटलं, "हवं तर अजून चिमूटभर चालेल."

धाकटीने माझ्या हातातली वाटी घेतली, तशीच होणाऱ्या सुनेपुढे धरली. "तू पण बघ गं. आता तुम्ही एका घरातल्या."

पोरीने मोठा घोट घेतला आणि तोंडावर रुमाल धरून तिथल्या तिथे ओकली.

मग ती वाटी फिरली. मास्तरांकडे, चष्मेवाल्या बाईंकडे, त्या रडक्या मुलीच्या आईकडे. कुणी नुसती जीभ लावली, कुणी वास घेऊन पुढे दिली. आणि सगळे माझ्याकडे बघत होते. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

धाकटी म्हणाली, आवाज अजिबात न चढवता, "माझी चव गेली होती. मी एकाच माणसाला सांगितलं होतं. ती मार्चमध्येच परत आली, ताई. रोज वाटी देत होते, रोज वाटायचं, आज तरी तुम्ही खरं बोलाल. एकदा 'खारट' म्हणाला असतात, तर त्याच दिवशी थांबले असते."

मग मोठ्या भांड्याचं झाकण काढलं आणि सगळ्यांना वाढायला लागली. लोक रांगेत उभे राहिले. मला कुणी वाटी दिली नाही. मी मागितलीही नाही.

एका आजारी बाईला मीठ पाजलं तिने, आणि लोक तिच्याच रांगेत! डॉक्टरांनी गोळ्या दिलेल्या माहीत असून! हे कुणाला दिसत नाही. मी काय केलं? "छान" म्हणाले. जगात कोण म्हणत नाही?

२६ एप्रिल

धाकटी गेली. सासूबाईंनाही घेऊन गेली. म्हणजे सासूबाईंनीच हट्ट धरला. खुर्चीत बसवून त्यांना बाहेर काढताना मी म्हटलं, "आई, तुमचं बिनमिठाचं पथ्य तिथे कोण सांभाळणार?" त्या म्हणाल्या, "मला आता कशाचीच चव कळत नाही. निदान खरं सांगणाऱ्या माणसाजवळ राहते."

हे सामान पोचवायला गेले ते तिथेच जेवून आले. दुसऱ्या दिवशीही. आता रोजच जातात.

९ मे

वरची खोली रंगवून घेतली. नवे पडदे लावले. खिडकीतून सकाळची उन्हं थेट पलंगावर येतात.

मुलाचा फोन आला. म्हटलं, "कधी येताय सामान घेऊन?"

तो म्हणाला, "आई, आम्ही भाड्याचं घर बघितलंय."

"अरे, पण खोली? मी सगळं कुणासाठी केलं?"

"तिला नाही यायचं."

"का? काय म्हणते काय ती?"

"जाऊ दे ना आई."

"नाही, सांग. मला कळू दे."

तेव्हा त्याने सांगितलं. "ती म्हणते, उद्या मी आजारी पडले, तर तुझ्या आईच्या हातून मला कोण वाचवणार? मी म्हटलं, मी असेन ना. तर ती म्हणाली, तिथे तुझे बाबाही होतेच की." एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

मुलगी फार बोलते. लग्नाआधीच ही तऱ्हा.

हे कॅन्टीनमधून जेवून आल्यावर मी विचारलं, खोली भाड्याने द्यायची का. हे बूट काढत म्हणाले, "दे. पण येणाऱ्याला मी आधी सगळं सांगणार."

म्हणून आता कुणालाच देत नाही. दुपारी वर जाऊन खिडकी लावून घेतली, पडदे ओढले, दाराला कुलूप घातलं. खोली आता पूर्णपणे माझ्या ताब्यात आहे.